वाड्याच्या खिडक्या: जुना साग की ॲल्युमिनियम?

आमच्या विदर्भात वाड्याची डागडुजी निघाली की पहिला घाव खिडक्यांवर. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी दोन दिवसांत बसते, उधळी लागत नाही, रंगाची कटकट नाही. पण दोन पल्ल्यांची असली तर एका वेळी अर्धीच उघडते. आणि मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की उन्हातल्या चौकटीला हात लावून पाहा!

सागवानी खिडकीचं बहुधा खालचंच लाकूड कुजतं, पावसाचं पाणी तिथं मुरतं म्हणून. तेवढाच तुकडा कापून जुन्या सागाचा जोड द्यायचा, जवसाचं तेल पाजायचं. जवस तर आपल्याच वावरात पिकतो. गज, कड्या तशाच राहतात. जोडकाम जाणणारा सुतार मिळणं, खरी अडचण तिथंच. मी दर्शनी खिडक्या दुरुस्तच करीन. मागच्या न्हाणीला ॲल्युमिनियम चालेल.