मांडवीजवळचा फोनोवाला: जुन्या थाळ्या द्यायच्या तर इथेच द्या

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर विकायचं ठरलं आणि गेल्या दिवाळीत माळा रिकामा करताना आजोबांची पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात १९ थाळ्या, चावीचा एक फोनो (ग्रामोफोन), सुयांची डबी आणि नाटकांतल्या पदांची चार पातळ पुस्तकं निघाली. आजोबा रेकॉर्डला कायम थाळीच म्हणायचे, म्हणून मीही तेच लिहिते. ते संस्थानच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. रविवारी दुपारी जेवणं झाली की फोनोला चावी द्यायचे, आणि थाळी फिरत असताना घरात कुणी भांडं वाजवलेलं त्यांना खपायचं नाही.

या थाळ्यांतलं गाणं आम्हा भावंडांना ऐकायचं होतं आणि नातवंडांसाठी ठेवायचंही होतं. त्यासाठी मी दोन दुकानं केली. पहिल्याचं नाव घेत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे, कारण बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत अशा पेट्या अजून पडून असणार.

पहिल्या ठिकाणी मी पाचच थाळ्या दिल्या होत्या, तेवढी बुद्धी देवाने दिली. एक थाळी दोन तुकडे होऊन परत आली. दुसरी त्यांनी स्पिरिटने पुसली होती. जुन्या थाळ्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तिची सगळी चकाकी गेली आणि हात फिरवला तर खरखरीत लागते. गाणी पेनड्राइव्हवर मिळाली. मी उत्साहाने कलकत्त्याच्या जुन्या गायिका गौहर जान यांची थाळी लावली. गाणं एकदम स्वच्छ, जराही खरखर नाही, आणि संपता संपता तुटल्यासारखं थांबलं. मी पुन्हा लावलं. शेवटी जे असायला हवं होतं ते नव्हतंच.

त्या काळच्या बऱ्याच थाळ्यांवर गाणं संपलं की गाणारी व्यक्ती स्वतःचं नाव पुकारते. गौहर जान इंग्रजीत म्हणतात, 'माय नेम इज गौहर जान.' ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यंत्रं घेऊन कलकत्त्याला आला तो १९०२ साली, आणि गौहरबाईंची पहिली ध्वनिमुद्रणं त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली. मेणावर कोरलेलं ते गाणं बोटीने जर्मनीला जायचं आणि हॅनोव्हरच्या कारखान्यात त्याच्या थाळ्या निघायच्या. तिथल्या कामगाराला हिंदुस्थानी गाणं काय कळणार, लेबल कोणाचं लावायचं ते तरी कसं समजणार? म्हणून गाणाऱ्यांनीच शेवटी नाव सांगायचं, असं याचं कारण सांगतात. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तेव्हा कुठे थाळ्या आपल्याकडे निघायला लागल्या. आमच्या थाळीच्या लेबलवर 'रिप्रोड्यूस्ड इन हॅनोव्हर' असं बारीक अक्षरांत आहे, शिवाय लेखणीने थाळीवर लिहिणारं पंखवालं पोर आहे. कंपनीची खूण म्हणून कुत्र्याचं चित्र पुढे आलं. मागची बाजू कोरी.

तर ही पुकार पहिल्या दुकानाने 'बोलण्याचा आवाज' समजून कापली होती. त्या धंद्यात कोण कुणासाठी गात होतं, माल कुठे जात होता, हे सगळं त्या तीन-चार सेकंदांत आहे. आजोबा त्या ठिकाणी दर वेळी हात जोडायचे. मी तक्रार केली तर म्हणाले, 'गाणं तर पूर्ण आहे ना?'

या मनस्तापानंतर म्युझिक कॉलेजात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने मला मांडवीच्या दुकानाचा पत्ता दिला. जुन्या शहरात, चार दरवाजांच्या आत, लोकांना विचारत विचारत जावं लागतं. गाळा इतका अरुंद की दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने ओट्यावर बसावं. दुकानाचे मालक, भाई, साठीचे आहेत, वडिलांच्या हाताखाली फोनो दुरुस्तीच शिकलेले. मी पिशवीतून गौहर जानची थाळी काढली आणि आधी झालेला प्रकार सांगितला. त्यांनी ती कडेने दोन्ही तळहातांत धरली, उजेडात तिरपी करून पाहिली आणि म्हणाले, 'बेन, आ तो कापवानुं ज नथी.' म्हणजे, हे कापायचंच नाही. मी पेटीच त्यांच्या स्वाधीन केली.

काम कसं करतात ते मी तीन फेऱ्यांत बसून पाहिलं. आधी धुणं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि लेबलवर रबराची चकती दाबून धरलेली, म्हणजे कागद भिजत नाही. मग सुई. एलपीची, म्हणजे पुढे आलेल्या प्लास्टिकच्या रेकॉर्डची सुई ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) थाळीला चालत नाही, कारण जुन्या थाळीची खाच कितीतरी रुंद असते. एलपीची बारीक सुई तळाला जाऊन घाण खरवडते आणि खरखरच जास्त उचलते. त्यांच्याकडे रुंद टोकाच्या चार सुया आहेत, थाळी किती झिजली आहे ते बघून बदलतात. एकाच थाळीवर तीन सुया लावून त्यांनी मला फरक ऐकवला. तिसऱ्या सुईला आवाज पुढे आला, जणू बाई दाराआडून खोलीत आल्या.

मला खरं जिंकलं ते वेगाच्या बाबतीत. सगळे म्हणतात ७८ फेरे, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या थाळ्या काही त्याच वेगाने मुद्रित होत नव्हत्या. कुठली ७४ला, कुठली ८०ला. ७४ला मुद्रित झालेली थाळी ७८ला वाजवली की सूर जवळजवळ एक पट्टी चढतो, लय पळते आणि पोक्त गळा पोरसवदा होतो. भाईंकडे काळ्या-पांढऱ्या रेघांची एक गोल चकती आहे, तिच्यावर ७७ रेघा. दिवा आपल्याकडे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्यामुळे फिरती चकती त्याच्या उजेडात धरली आणि रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या की वेग बरोबर ७८. तिथून पुढे ते कानाने जातात.

बालगंधर्वांची 'एकच प्याला'मधल्या पदाची थाळी लावली तेव्हा ते थांबले आणि मलाच विचारलं, 'बेन, तुम्ही गाता, तर सांगा, ऑर्गन कुठे लागतोय?' मी घरून वाजवायची पेटी (हार्मोनियम) घेऊन गेले होते. ऑर्गनचा सूर पक्का, तो दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकू शकत नाही. त्या काळचा ऑर्गन आजच्या पेटीशी केसभर इकडे-तिकडे असेल, पण अर्ध्यावर लोंबकळत असेल तर वेग चुकलाय हे नक्की. ७८ला तो तसाच लोंबकळत होता. खाली आणला तर एका पट्टीत बसला, वर नेला तर पुढच्या पट्टीत बसला. आता या दोहोंतलं खरं कुठलं? ते गळ्याने ठरवायचं. वरच्या वेगाला ताना इतक्या घाईच्या झाल्या की माणूस श्वास कुठे घेतो ते कळेना. खालच्या वेगाला नाटकाची नायिका सिंधू पुन्हा सिंधू झाली. या एका थाळीवर आम्ही पाऊण तास घालवला आणि त्याचा एक रुपयाही त्यांनी जास्त लावला नाही.

'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यातच झाला, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीचा. नाटककार गडकरी त्याआधी महिन्याभरापूर्वीच गेले होते, पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे. ते नाटक त्यांनी त्याच वर्षी पाहिलं आणि पेटीत सापडलेलं पदांचं पुस्तक तेव्हाचंच आहे. किंमत एक आणा. अशी पुस्तकं थिएटरात विकत मिळायची, आणि लोक ती मांडीवर उघडी ठेवून नाटक ऐकायचे. मागच्या पानावर पेट्या, तबले आणि फोनो विकणाऱ्या मुंबईच्या एका दुकानाची जाहिरात आहे. म्हणजे माणसाने रात्री नाटक पाहायचं, पुस्तक घरी न्यायचं, आणि ऐपत झाली की त्याच पदाची थाळी आणायची. नाटक कंपनी, छापखाना आणि थाळीवाले एकाच माणसाच्या खिशाकडे तीन दारांनी येत होते. मला त्यात लबाडी दिसत नाही. मोठ्या कंपनीचा बिऱ्हाडासारखा पसारा, नट, साजिंदे, आचारी, रेल्वेचं भाडं, हे सगळं त्याच पैशावर चालायचं.

त्या पुस्तकाचा उपयोग मला असा झाला. १९२५च्या आसपास विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावं लागायचं. 'स' आणि 'श' त्या कर्ण्यातून मुळातच फिके उतरायचे. पहिल्या दुकानाने खरखर काढता काढता तेही पुसले होते. पुस्तक समोर ठेवून ऐकलं तर पानावरचे शब्द कानाला सापडेनात. भाईंच्या फाइलमध्ये खरखर आहे, पावसाची बारीक सर पत्र्यावर पडावी तशी, पण शब्द कळतात. ते दोन फाइली देतात. एक जशीच्या तशी, कशालाही हात न लावलेली, दुसरी थोडी साफ केलेली. मी पहिलीच ऐकते.

आणि एक ध्यानात आलं. पुस्तकातलं पद जेवढं आहे त्यातल्या थोड्याच ओळी थाळीवर आहेत. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत जे पद रात्र चढवायचं, ते तीन मिनिटांत उरकायचं म्हटल्यावर काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कोणी ठरवलं असेल? ज्याने ठरवलं तो मोठा जाणकार असला पाहिजे. त्यात मुखडा, एक उठाव आणि परत समेवर येणं आहे, काहीच राहून गेल्यासारखं वाटत नाही. उलट भास्करबुवा बखले, ज्यांनी 'स्वयंवर' नाटकाच्या चाली दिल्या आणि ज्यांच्या तालमीचा काही काळ याच बडोद्यात गेला, त्यांचा आवाज एकाही थाळीवर नाही. पेटीतल्या फैयाज खाँसाहेबांच्या जयजयवंतीच्या थाळीला मी म्हणूनच देवासारखं जपते. आमच्याच गावचे दरबारी गवई ते, इथेच १९५० साली गेले.

आता व्यवहाराचं. एका बाजूचे १५० रुपये. तुटलेली सोडून माझ्या १८ थाळ्या, त्यातल्या तीन एकाच बाजूच्या, म्हणजे ३३ बाजू, ४,९५० रुपये झाले. कोऱ्या बाजूचे पैसे लावले नाहीत, हे मुद्दाम सांगते. फोनोच्या दुरुस्तीचे ३,२०० वेगळे. स्प्रिंग जुनीच ठेवली, काढून, पुसून, ग्रीस भरून परत बसवली. सुई बसते त्या साउंडबॉक्समधलं रबर दगडासारखं झालं होतं, त्याने आवाज फाटायचा, ते बदललं. सुयांची दोन पाकिटं दिली आणि बजावलं की एका बाजूला एक सुई, वाजली की टाकायची. नाही तर बोथट सुई थाळीच खाते.

तक्रारी आहेत. तीन आठवडे सांगून सात आठवडे लावले, आणि मध्ये दोनदा मी गेले तेव्हा दुकानाला कुलूप, फोनही उचलला नाही. घराच्या खरेदीखताची तारीख जवळ येत होती, मला फार काळजी लागली होती. फाइलींना नावं नव्हती, नुसते एक ते तेहतीस आकडे. मी लेबलं वाचून यादी केली तेव्हा कुठे त्यांनी नावं घातली. न सांगितलं तर एमपीथ्री देतात. तुम्ही डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबलेली फाइल) मागा, आणि लेबलच्या बाहेर काळ्या भागावर कोरलेले आकडे टिपून घ्या, थाळी कोणत्या मुद्रणाची ते त्यावरूनच सापडतं. पावती हाताने लिहिलेली मिळते. गाडी नेऊ नका, सूरसागर तलावाजवळ लावा आणि चालत जा.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. थाळ्या पिशवीत आडव्या रचू नका, उभ्या ठेवा आणि प्रत्येकीमध्ये जाड कागद घाला. दोन तुकडे झालेली ती थाळीही मी परवा त्यांना दाखवली. खाचा समोरासमोर आणून ती जोडता येईल, दर फेऱ्याला टक टक वाजेल, पण गाणं निघेल असं म्हणाले. ठेवून आले आहे.