घरी येऊन रक्त नेणारं सिनिअर सिटिझन पॅकेज: सँपलला पूर्ण मार्क, फोनवरच्या सल्ल्याला शून्य

आई ६९, बाबा ७४, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, दोघांना उपाशीपोटी लॅबपर्यंत नेणं म्हणजे दिव्यच असतं, म्हणून यावेळी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचं पॅकेज घेतलं. शुगर, किडनी, थायरॉईड, व्हिटॅमिन डी सगळं एकत्र.

आधी चांगलं सांगते. सँपल घेणारा मुलगा सकाळी पावणेसातला दारात हजर. आईची शीर कधीच पटकन सापडत नाही, दरवेळी तीन तीन ठिकाणी टोचतात आणि हात काळानिळा होतो. याने आधी तिला पाणी प्यायला लावलं, गरम कपड्याने हात शेकायला सांगितला आणि एकदाच टोचून काम झालं. संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर. खरंच मनापासून आवडलं.

रिपोर्टमध्ये बाबांचं डी ११ आलं, आईचं १७. २० च्या खाली म्हणजे कमी धरतात. दुसऱ्या दिवशी लॅबमधून बाबांना फोन, "काका, तुमचं डी एवढं कमी आहे म्हणूनच बीपी चढतंय, आमचा तीन महिन्यांचा कोर्स घ्या, बीपीची गोळी हळूहळू सुटेल." बाबांनी मला न विचारता दोघांसाठी कोर्स मागवला आणि टेल्मिसार्टन, म्हणजे त्यांची रोजची बीपीची गोळी, एक दिवसाआड घ्यायला लागले. दोन आठवड्यांनी म्हणाले डोकं जड वाटतंय, मशीन लावलं तर १७२/९४. हातपाय गार पडले माझे.

लगेच आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट समजावलं की डी कमी असलेल्यांमध्ये बीपी जास्त सापडतं हे खरं आहे, पण वय झालं की माणूस उन्हात कमी जातो, हालचाल कमी होते, कातडीत डी तयार व्हायचं प्रमाणही घटतं आणि त्याच वयात बीपीही चढत असतं, म्हणजे दोन्ही सोबत दिसतात म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही. मग मी स्वतः वाचलं. २०१५ मध्ये ४६ ट्रायल, मिळून साडेचार हजारावर लोक, असं एकत्र करून बघितलं होतं आणि डी देऊन बीपी काही उतरलं नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या पुरुषांवर आणि पंचावन्नपुढच्या बायकांवर २५,८७१ जणांची मोठी ट्रायल झाली, रोज २००० युनिट डी, पाचेक वर्षं, तिथेही हार्ट अ‍ॅटॅक आणि स्ट्रोक कमी झाले नाहीत. हे सगळं २०१८ पासून छापून आलेलं आहे, तरी फोनवर म्हाताऱ्या माणसांना असं सांगतात याचा मला फार राग येतो.

आणि अजून एक, हे खूप महत्त्वाचं आहे. त्या कोर्समध्ये डीसोबत कॅल्शियमच्या गोळ्यापण होत्या. आईच्या बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे, त्याने लघवीवाटे कॅल्शियम कमी जातं, त्यावर भरपूर डी आणि कॅल्शियम घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. फोनवाल्या मुलीने आईला कुठल्या गोळ्या चालू आहेत हे विचारलंसुद्धा नाही. तुमच्याकडे कोणाला अशी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डी सुरू करू नका प्लीज.

डी डॉक्टरांनीपण दिलंच, पण हाडांसाठी, बाबांना ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, जेवणानंतर. आईला कॅल्शियम तपासून मग कमी डोस. टेल्मिसार्टन रोज, न चुकता. बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, त्याआधी अर्धा तास चहा नाही, आणि एक मिनिट सोडून दोनदा मोजायचं. बाबा आता डायरीत लिहितात, कालचं १३४/८२.

न उघडलेली पाकिटं परत घेतली पण पैसे मिळवायला मला चार फोन करावे लागले. पुढच्या वेळी सँपलसाठी त्याच मुलाला बोलावणार, फक्त फॉर्मवर नंबर माझा देणार, बाबांचा नाही.