बेल्ट, आयडलर की डायरेक्ट: मुंबईत जुना टर्नटेबल कोणता सांभाळावा?

आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून खाली आलाय, किंवा चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एखादा नजरेत भरलाय. आवाज कसा आहे ते नंतर बघा. आधी प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची थाळी, उचला आणि तो कशाने फिरतो ते पाहा. पुढे किती हेलपाटे पडणार, ते तिथेच कळतं.

बेल्टवाला, म्हणजे मोटर रबरी पट्ट्याने प्लॅटर फिरवते तो, सगळ्यात सोपा. आपल्या हवेत जुना बेल्ट नुसता सैल होत नाही, कधी कधी डांबरासारखा विरघळून आत चिकटून बसलेला सापडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की निघतो. जुनं माप हाती नसेल तर पुली (मोटरवरची छोटी चाकी) आणि प्लॅटरखालच्या चकतीभोवती दोरा गुंडाळून मोजा आणि चार-पाच टक्के कमी लांबीचा चपटा बेल्ट मागवा. ऑनलाइन सहज मिळतो. नागदेवी स्ट्रीटवरची गोल रबरी रिंग बसवायचा मोह मात्र टाळा. प्लॅटर फिरतो खरा, पण सनईचा लांब सूर धरला की तो लाटांवर हेलकावतो.

आयडलरमध्ये मोटर एक रबरी चाक फिरवते आणि ते चाक प्लॅटरच्या आतल्या कडेला घासून त्याला फिरवतं. इंग्लंडच्या गॅरार्डची नामांकित जुनी यंत्रं याच घराण्यातली. जोर दांडगा, आणि बऱ्याच मॉडेलांत जुन्या लाखेच्या तबकड्यांचा, मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेगही असतो. दुखणं एकच, रबर कडक होतं. वर्षानुवर्षं खटका चालू स्थितीत राहिला असेल तर चाकाला एका जागी चपटा डाग पडतो आणि दर फेऱ्याला धडधड ऐकू येते. चाकावर नवं रबर चढवून घेता येतं. त्याचा व्यास किंचित बदलला तरी वेग बिघडत नाही, कारण ते नुसतं मधलं चाक. पण गोलाई आणि मऊपणा अचूक हवा. मी एकाकडून करून घेतलं, तर चाक दिसायला देखणं आणि रबर दगडासारखं. सगळी घरघर थेट स्पीकरमध्ये! पैसे गेले ते गेलेच.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर थेट प्लॅटरला फिरवते, मध्ये रबरच नाही. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२चा. २०१० मध्ये त्याचं उत्पादन थांबलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं, म्हणून त्या घराण्याची देखभाल अजून जमते. इतर मेकचा असेल तर जपून. कपॅसिटर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मूठभर मिळतील, पण वेग सांभाळणारी आयसी (चिप) गेली तर तसाच दुसरा मेलेला टर्नटेबल शोधत फिरा.

विजेचंही बघून घ्या. अमेरिकेहून आलेलं यंत्र ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. जुन्या एसी मोटरच्या बेल्ट किंवा आयडलर यंत्रावर ३३⅓ची तबकडी आपल्याकडे मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे घेते, म्हणजे गायिकेचा गायक होतो. ५० हर्ट्झची पुली मिळणार असेल तरच घ्या.

खरा खर्च सुईचा, आणि माझं मत इथेच ठरतं. सुई ज्यात बसते ते कार्ट्रिज. जुन्या घरगुती प्लेअरांतलं सिरॅमिक कार्ट्रिज थेट अँप्लिफायरला जोडता येतं, पण तबकडीवर पाचेक ग्रॅम भार टाकतं आणि त्याची सुई मिळणं नशिबावर. टोनआर्मच्या (सुईच्या दांडीच्या) टोकाला, म्हणजे हेडशेलला, दोन स्क्रू अर्ध्या इंचाच्या अंतरावर असतील तर निम्मी चिंता मिटली. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई बसवा, भार दोन ग्रॅमच्या आसपास, आणि झिजलेली सुई ओढून काढली की नवी बसते. कार्ट्रिजचा क्षीण आवाज अँप्लिफायरजोगा करणारा वेगळा फोनो प्रीअँप लागतो, तेवढा खर्च धरा. याच कार्ट्रिजवर ७८ची जाड सुईही बसते. घरात बालगंधर्वांच्या तबकड्या असतील तर ती हवीच, एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी नुसती घासत राहते. आणि लाखेच्या या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

तेव्हा फक्त एलपी ऐकायच्या असतील तर अर्ध्या इंचाच्या हेडशेलचा बेल्टवाला घ्या. घरात ७८चा गठ्ठा असेल तर आयडलरचा त्रास पत्करा, पण चाक आधी नखाने दाबून बघा. नख रुतलं नाही तर भाव करताना नव्या रबराचे पैसे वजा करा.