फ्यूज उडवणारा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह: दीडेक वर्ष वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे त्यांनी तेवढं वाचून निघा. 28 लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, मशीन म्हणून चांगलं आहे, गरम नीट करतं, बेकिंग तर माझ्या अपेक्षेपेक्षा बरंच बरं, पण दाराची यंत्रणा कच्ची आणि कंपनीची सर्व्हिस त्याहून कच्ची. मधले काही महिने ह्या मशीनने आम्हाला फ्यूज उडवून उडवून वात आणला होता. आता व्यवस्थित चालू आहे आणि ते कंपनीमुळे नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण ही भानगड कुठल्याही कंपनीच्या मशीनमध्ये होऊ शकते, आतली रचना सगळ्यांची साधारण सारखीच असते.

आम्ही ऐरोलीत राहतो, वाशीच्या एका शोरूममधून ऑफरमध्ये घेतला. घरात माणसं पाच, त्यामुळे वापर भरपूर. सकाळी दूध, डबे, दुपारी सासूबाईंचं जेवण गरम करणं, संध्याकाळी लेकीचं काहीतरी. बटाटे, रताळी उकडायला मस्त. पापड तर आता गॅसवर कोणी भाजतच नाही. रवा भाजायला बरा, पण मधेमधे हलवावा लागतो नाहीतर मधला करपतो आणि कडेचा पांढराच राहतो. नानकटाई 170 वर छान होते, केकही. ढोकळा मायक्रो मोडवर पटकन होतो पण गार झाला की रबर, त्यामुळे तो मी परत कुकरमध्ये करायला लागले. ग्रिल ठीकठाक, पनीर टिक्का हॉटेलसारखा वगैरे होईल ह्या भ्रमात राहू नका.

सगळ्यात जास्त वापर म्हणजे शेंगदाणे भाजायला. सासूबाईंना कुटासाठी आठवड्याला वाटीभर नाही, डबाभर लागतात. एक मिनिट लावायचं, दार उघडायचं, हलवायचं, परत लावायचं. हे मुद्दाम लिहितेय, पुढे कामाला येईल.

तर पहिल्यांदा फ्यूज गेला तेव्हा वॉरंटी होती. दाणे हलवायला दार उघडलं, आतून टक् असा आवाज आला आणि सगळं बंद, डिस्प्ले काळा, लाइट नाही, काही नाही. टेक्निशियन आला, कव्हर उघडलं, फ्यूज बदलला, दहा मिनिटांत गेला. जॉबशीटवर लिहिलं "फ्यूज बदलला, मशीन ओके". थोडे दिवस चाललं. मग परत तेच. परत फ्यूज. मग वॉरंटी संपली आणि नेमकं परत तेच, फक्त आता व्हिजिट चार्ज आमच्या खिशातून. दरवेळी विचारलं की का उडतोय, तर उत्तर एकच, "मॅडम, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे तुमच्याकडे, स्टॅबिलायझर लावा." शेवटच्या वेळी तर म्हणाला पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, बदलावा लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात थोडे टाकले तर नवीन साधा मायक्रोवेव्ह येतो.

सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनलाही दाखवलं. तो म्हणाला पॉइंट लूज आहे, 16 अँपचं सॉकेट नवीन बसवून गेला. ते काम चांगलंच झालं, सॉकेट लूज असेल तर प्लग गरम होतो, जळतोसुद्धा, पण त्याने मशीनच्या आतला फ्यूज उडत नाही. तसा तो उडायचा थांबलाही नाही. लोडचंही तसंच. मागच्या स्टिकरवर बघितलं तर मायक्रो मोडला 1350 वॉट, 230 व्होल्टला म्हणजे सहा अँपच्या आसपास, आणि फ्यूज 10 अँपचा. लोडने कसा उडेल? कन्व्हेक्शनवर त्याहून जास्त खेचतो, तरी केक करताना एकदाही उडाला नव्हता. कधी कधी फ्यूजबरोबर घराच्या बोर्डातला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, तोपण पडायचा. एवढं सगळं एका क्षणात जातं म्हणजे लोड नाही, आत सरळ शॉर्ट होतोय, हे माझा भाऊ फोनवर लगेच बोलला होता.

मग सेक्टरच्या मार्केटमध्ये मिक्सर-मायक्रोवेव्ह रिपेअर करणारे एक काका आहेत त्यांच्याकडे नेला. छोटा गाळा, भिंतीवर मोटरी टांगलेल्या. काकांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "उडतो कधी?" मी म्हटलं महिन्यातून एकदा वगैरे. "तसं नाही हो ताई. नेमका कोणत्या क्षणाला? प्लग लावल्यावर, स्टार्ट दाबल्यावर, का दार उघडता-लावताना?" एवढ्या वेळा सर्व्हिसवाले येऊन गेले, हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता!

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहिते. प्लग लावल्या लावल्या उडत असेल तर वायरिंग किंवा पीसीबीकडे बघायचं, आपल्याकडे पीसीबीवर झुरळ जाऊन मरतं आणि शॉर्ट होतो हे फार कॉमन आहे म्हणाले. स्टार्ट दाबल्यावर जोरात घूंऽऽ आवाज येऊन उडत असेल तर हाय व्होल्टेजच्या बाजूला बघायचं, म्हणजे तो मोठा ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर (वीज साठवणारा), डायोड किंवा मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग). तिथे ट्रान्सफॉर्मर साधारण दोन हजार व्होल्ट करतो, कपॅसिटर आणि डायोड मिळून ते चार हजाराच्या घरात नेतात, आणि त्यातलं काहीही शॉर्ट झालं तर फ्यूज टिकत नाही. आणि दाराशी खेळताना उडत असेल तर दाराचे स्विच. आमचा प्रत्येक वेळी दार उघडतानाच गेला होता. मी एकटीने नाही, नवऱ्याने आणि लेकीनेही उघडताना गेला होता.

आता दाराच्या स्विचची गंमत. मला वाटायचं दाराला एक स्विच असेल, फ्रिजच्या लाइटसारखा. तर आत तीन असतात. दाराच्या कडेला जे दोन प्लास्टिकचे हुक आहेत ते आत शिरून हे स्विच दाबतात. दोन इंटरलॉक, प्रायमरी आणि सेकंडरी, दार उघडलं की ते सप्लाय तोडतात म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी बाहेर येणार नाहीत. तिसरा मॉनिटर स्विच, तो उलटा, दार उघडलं की तो जोडला जातो आणि सरळ लाइनला शॉर्ट करतो! ऐकून मी म्हटलं हे कसलं डिझाइन. तर ते मुद्दामच आहे. समजा इंटरलॉक चिकटून बसला आणि दार उघडं असताना मशीन चालूच राहिलं, तर मॉनिटर स्विच शॉर्ट करून फ्यूज उडवतो आणि मशीन मारून टाकतो, म्हणजे माणूस वाचतो. त्यामुळे फ्यूज उडणं हे इथे बिघाड नाहीच, बिघाड झाल्याची तक्रार आहे ती. आणि तक्रार करणाऱ्याचंच तोंड बंद करायचं काम कंपनीचा माणूस दरवेळी करत होता.

मग रोज का नाही उडायचा? ते काकांनी समोर दाखवलं. प्लग बाजूला काढून ठेवलेला. कव्हर काढल्यावर पहिलं काम कपॅसिटर डिस्चार्ज केला, मला लांब उभं राहायला सांगून. ट्रान्सफॉर्मरच्या वायरी काढून ठेवल्या, मल्टीमीटर बीपवर लावला आणि त्याच्या दोन पिना अशा लावल्या की प्रायमरी आणि मॉनिटर दोन्ही एकाच वेळी जोडलेले असतील तरच बीप होईल. नियम असा की दार कुठेही असो, उघडं, बंद, अर्धवट, हा बीप कधीच वाजता कामा नये. आधी प्रायमरी तुटला पाहिजे आणि मगच मॉनिटर जुळला पाहिजे. काकांनी दार झटकन उघडलं, काही नाही. परत झटकन, काही नाही. मग हळू, अगदी हळू ओढलं आणि हुक जेमतेम सुटतोय तिथे बारीकसा बीप वाजला. दार थोडं वर उचलून ओढलं तर हमखास वाजायचा. तेवढ्याच जागेत दोन्ही स्विच एकदम जुळत होते, आणि मशीन चालू असताना कोणी दार तसं उघडलं की खेळ खलास. कंपनीचा माणूस झटकन दार उघडून "बघा मॅडम, ओके आहे" म्हणायचा, त्याला ते दिसणारच नाही.

हुक ज्या प्लास्टिकच्या खाचेत बसतात ती झिजली होती, आणि प्रायमरी स्विच काढला तर त्याची एक पिन तपकिरी पडलेली, बटन दाबून सोडलं की जरा आळस देऊन वर यायचं. मशीन चालू असताना दार उघडलं की करंट ह्या स्विचवर तुटतो, तिथे ठिणगी पडते, कॉन्टॅक्ट हळूहळू खराब होतात. काका म्हणाले आधी स्टॉप दाबत जा आणि मग दार उघडा, स्विच जास्त टिकतील. पटलं आणि आम्ही ते करतो. पण मला हेही म्हणायचंय की मॅन्युअलमध्ये छापलंय की शिजताना मधेच दार उघडून पदार्थ हलवा. मग दीड वर्षात खाच झिजेल असं प्लास्टिक कशाला द्यायचं? ह्याचा स्टार मी कापणारच.

काकांनी तिन्ही स्विच बदलले. मी विचारलं एकच खराब आहे ना, तर म्हणाले इतक्या वेळा शॉर्ट झालाय, तो सगळा करंट मॉनिटरमधूनही गेलाय, त्याचे कॉन्टॅक्टपण भाजले असणार, आज वाचवला तर उद्या हाच दगा देईल. स्विच ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवरून आणले, एकेक स्विच वडापावच्या पार्सलएवढ्या किमतीचा असेल, महाग पडली ती खाचेची प्लास्टिक पट्टी आणि मजुरी. तरी सगळं मिळून कंपनीच्या दोन व्हिजिटपेक्षा कमीच. फ्यूज काढला तर मागच्या टेक्निशियनने काचेचा घातलेला निघाला. काकांनी तो फेकला आणि पांढरा सिरॅमिकचा 10 अँप 250 व्होल्टवाला टाकला. सिरॅमिकच्या आत वाळू भरलेली असते, मोठा शॉर्ट झाला तरी तो आतल्या आत तुटतो, काचेचा फुटू शकतो. जोडून झाल्यावर पहिल्यांदा थेट प्लग नाही लावला, सिरीज बोर्डावर, म्हणजे करंट आधी बल्बमधून जातो अशा बोर्डावर लावला, त्यातला शंभरचा बल्ब पेटला नाही म्हणजे शॉर्ट नाही. मग थेट लावून, आत पाण्याचा ग्लास ठेवून, सतरा वेळा दार उघड-लाव करून बघितलं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. काकांकडे असे मायक्रोवेव्ह येतात ज्यात कोणीतरी मॉनिटर स्विचची वायरच काढून टाकलेली असते, किंवा फ्यूजच्या जागी 20 अँपचा, किंवा नुसती तांब्याची तार. फ्यूज उडायचा थांबतो, गिऱ्हाईक खूश. पण मग इंटरलॉक चिकटला तर अडवणारं कोणी नाही. कोणी तुम्हाला "आता कधीच उडणार नाही" असं छातीठोक सांगत असेल तर काय केलं ते विचारा, आणि काढलेले जुने पार्ट मागून घ्या. मी तिन्ही स्विच घरी आणलेत, नवरा म्हणतो शोकेसमध्ये ठेव.

आणि हे वाचून घरी उघडून बघू नका प्लीज. मिक्सर, इस्त्री, पंखा वेगळं. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. आपण घरी करायचं ते एवढंच, उडाला त्या क्षणी काय चालू होतं, कोणता मोड होता, दार कुठे होतं, आवाज आला का, हे लगेच मोबाइलमध्ये लिहून ठेवायचं. पावसाळ्यात अजून एक बघा, कन्व्हेक्शन किंवा ग्रिल लावल्यावर मशीन जिवंत आहे पण घराच्या बोर्डातला ईएलसीबी (अर्थला करंट गळला की पडणारा स्विच) पडतोय, तर ते फ्यूजचं प्रकरणच नाही, बऱ्याचदा हीटरमध्ये दमट हवेने ओल धरून अर्थला लीकेज होतं. आमच्या शेजाऱ्यांचं तसंच होतं, आणि खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना दमट हवा म्हणजे काय ते सांगायला नको.

गणपतीच्या आधी रिपेअर केला, तेव्हापासून एकदाही उडालेला नाही. स्टॅबिलायझर घेतला नाही, पीसीबी तोच आहे. दिवाळीत नानकटाईच्या थाळ्यांवर थाळ्या काढल्या, दाणे आठवड्याला चालूच आहेत. दार लावताना पूर्वी जो कचकच आवाज यायचा तो गेला, आता एकच खट्ट येतो. टर्नटेबलचं रोलर मात्र कुरकुरायला लागलंय, आणि आतला तो पत्र्यासारखा दिसणारा मायकाचा तुकडा तेलाने पिवळा पडलाय, तो काका पुढच्या फेरीत बदलून देणार आहेत, नाहीतर तिथे ठिणग्या पडतात.

मशीनला साडेतीन स्टार, सर्व्हिसला एक, तोही तो टेक्निशियन मुलगा बोलायला सभ्य होता म्हणून. घेणार असाल तर शोरूममध्ये डिस्प्लेच्या पीसचं दार धरून जरा वर-खाली हलवून बघा, खुळखुळत असेल तर दुसरं मॉडेल बघा. एक्स्टेंडेड वॉरंटी विकायला ते मागे लागतातच, घेण्याआधी त्यात दाराचे स्विच आणि प्लास्टिकचे पार्ट धरलेत का ते लेखी विचारा. आमच्याकडे जे कार्ड होतं त्यात प्लास्टिक पार्ट वगळलेले होते.