खिशातली ८×२१ दुर्बीण: कीर्तिमंदिरात पहिला वर्ग, नाटकात काठावर पास

दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "माजी, पक्षी जोवा छे?" म्हटलं, नाही रे बाबा, नंदलाल बोस बघायचेत. तो जरा गप्प झाला. मग हिरव्या चट्ट्यापट्ट्यांची जंगलवाली बाजूला सारून त्याने ही काळी काढली. आठ पट, एकवीस मिलिमीटरची. मिटली की चष्म्याच्या घरात मावेल एवढी. १,८५० रुपये, घासाघीस करून १,७००. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, तुम्हीही ऐकलं नसेल, म्हणून लिहीत नाही.

लग्न होऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात आले त्याला एकेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पाहुण्यांना घेऊन कीर्तिमंदिरात किती वेळा गेले असेन! दर वेळी तेच. मधल्या दालनात उभं राहायचं, माना वर करायच्या, "छान आहे नाही?" म्हणायचं आणि मान दुखायच्या आत बाहेर पडून शेव-उसळ गाठायची. सयाजीरावांनी घराण्याचं स्मारक म्हणून बांधलेल्या या इमारतीत चित्रकार नंदलालबाबूंनी १९३९ ते १९४६ या काळात शांतिनिकेतनहून येऊन चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. एवढी माहिती मी पाहुण्यांना धडाधडा सांगायचे. बघितलं मात्र काहीच नव्हतं, हे दुर्बीण लावली त्या सकाळी कळलं.

पहिल्यांदा दिसली ती रेघ. खालून जो नुसता रंगाचा पट्टा वाटायचा, त्याच्या कडेने कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला, कुठे अलगद उचलला ते दिसायला लागलं. या दुर्बिणीतून दहा मीटरवर साधारण सव्वा मीटरचा गोल दिसतो, त्यामुळे आख्खं चित्र कधीच मावत नाही. पहिली पाच मिनिटं मी यावरून वैतागले. मग लक्षात आलं की हे पोथी वाचण्यासारखं आहे, बोट ठेवून ओळीओळीने पुढे जायचं. नटीर पूजेच्या भिंतीपुढे मी पाऊण तास होते. गोष्ट रवींद्रनाथांच्या नाटकातली. बुद्धाची पूजा करायला राजाने बंदी घातलेली, राजवाड्यातली नर्तकी श्रीमती स्तूपापुढे नाचते, नाचता नाचता दागिने, भरजरी वस्त्रं उतरवून टाकते आणि मारली जाते. गोष्ट पाठ होती. पण भिंतीवरचे हात एकेक करून बघितल्यावर ती मला पुन्हा पहिल्यापासून कळल्यासारखी वाटली. तिथल्या पहारेकऱ्याने न मागता खुर्ची आणून दिली, त्याचं भलं होवो.

बरोबर धाकटी जाऊ होती. "ताई, द्या ना आता, मलाही बघू दे," असं दर दोन मिनिटांनी. देण्याबद्दल तक्रार नाही, पण उजव्या डोळ्याच्या कडीवर नंबर जुळवायचा असतो आणि ती दर वेळी तो फिरवून परत द्यायची. शेवटी घरी येऊन माझ्या खुणेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. तिचा गुलाबी. तुमच्या घरात दोघं बघणारी असतील तर हे पहिल्याच दिवशी करून टाका.

चष्मेवाल्यांनी एक लक्षात घ्यावं. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून दुर्बीण जुळवता येते. सिलिंड्रिकल असेल तर ती कडी कितीही फिरवा, काही उपयोग नाही, चष्म्यावरूनच बघावं लागतं. त्यासाठी रबराच्या वाट्या उलट्या दुमडायच्या. तरी गोलाच्या कडा थोड्या कापल्या जातातच.

नंतर ती फत्तेसिंह संग्रहालयात नेली, रविवर्म्यासाठी. माहेरी देवघराबाहेर त्याच्या छापखान्यातलं एक चित्र होतं, त्यामुळे नल-दमयंती वगैरे मंडळी मला नात्यातली वाटतात. इथे गंमत अशी, की ही दुर्बीण तीन मीटरच्या आत धूसर दाखवते. म्हणजे चित्रापुढे जाऊन उभं राहिलं तर फुकट, मागे सरकायचं. तीन मीटरवरून मात्र हातभर अंतरावरून बघितल्यासारखं दिसतं. जरीचा काठ म्हणजे पिवळ्या रंगाचे चार फटकारे, मोत्याची चमक म्हणजे पांढरा एक ठिपका. लबाड माणूस! दुर्बीण खाली केली की पुन्हा मोतीच.

नाटकाचं गणित वेगळं. माझी जागा बाल्कनीत शेवटून दुसरी असते, तिकीट परवडतं तिथलं. वीस मीटरवरचा नट अडीच मीटरवर येतो, अगदी घाम दिसतो. पण एका बाईचा चेहरा निरखत बसले आणि मागच्या दाराने कोण आलं ते हुकलं. सगळं प्रेक्षागृह हसलं, मी एकटी विचारतेय, काय झालं? विनोदी नाटकाला तर नेऊच नका. शिवाय प्रकाश मंद केला की या दुर्बिणीतून काजळी दिसते. एकवीसला आठने भागा: डोळ्यात येणारी उजेडाची तिरीप जेमतेम अडीच मिलिमीटरची, आणि अंधारात बाहुली त्याहून मोठी होते. मोठ्या भिंगाची घेतली तर उजेड जास्त, पण वजनही जास्त, आणि दुसऱ्या अंकापर्यंत हात थरथरायला लागतात.

गाण्याला मी ती एकदाच नेली. तबलजीची बोटं बघत राहिले आणि विलंबित ख्यालाची सम दोनदा चुकले. आमचे सासरे लहानपणी फैयाजखाँसाहेबांना ऐकायला जात, म्हणायचे की आम्ही डोळे मिटूनच बसायचो. तेव्हापासून मैफिलीला दुर्बीण घरी.

टिकाऊपणाबद्दल: चार महिन्यांत बिजागरी ढिली झाली, दुकानदाराने पैसे न घेता आवळून दिली. गळ्यातली दोरी भिकार आहे, मी नाडी ओवली. पडू मात्र देऊ नका. आतली भिंगं हलली की एकाचे दोन दिसतात आणि दुरुस्तीला नवीच्या निम्मे पैसे लागतात, असं त्यानेच सांगितलं. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून मी ती औषधांच्या बाटल्यांत मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

पाचपैकी साडेतीन. जाऊला आता स्वतःची हवी आहे, सहा पटीची, कमी हलणारी. दुकानदाराकडे नव्हती. मागवून ठेवतो म्हणालाय, पण तिला विचारलंनच, "पक्षी जोवा छे?"