शॉवर ट्रेभोवतीच्या भिंतींचे वॉटरप्रूफिंग: फास्टफ्लेक्सचा लेप आणि आमचा दुसरा प्रयत्न

पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या सदनिकेत आईसाठी बसवलेल्या शॉवर ट्रेभोवतीच्या भिंती चार वर्षांत दुसऱ्यांदा उघडाव्या लागल्या. या दुसऱ्या खेपेस वापरलेल्या साहित्याचा आणि झालेल्या कामाचा हा अभिप्राय आहे. काम पूर्ण होऊन एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला आहे आणि घरातील तिघेही रोज त्याच ट्रेवर आंघोळ करतात, म्हणून आता खात्रीने लिहिता येते.

पहिल्या वेळी काय चुकले, ते आधी सांगणे आवश्यक आहे. त्या कंत्राटदाराने टाइल्स थेट जमिनीपर्यंत उतरवल्या, ट्रे त्या टाइल्सना टेकवून ठेवला आणि मधल्या फटीवर पांढऱ्या सिलिकॉनची रेघ ओढली. काम दिसायला नीटनेटके होते. मात्र ट्रेखाली चार कोपऱ्यांत सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे गोळे ठेवून मधला भाग पोकळ सोडलेला असल्यामुळे माणूस उभा राहिला की ट्रे किंचित दबत असे, आणि काही महिन्यांतच सिलिकॉन भिंतीपासून केसभर सुटले. त्या केसभर फटीतून रोजचे पाणी खालच्या संकन स्लॅबमध्ये, म्हणजे न्हाणीघरासाठी खोलगट ठेवलेल्या स्लॅबमध्ये, भरलेल्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात जात राहिले. कोबा असे पाणी पिऊन बराच काळ धरून ठेवतो, त्यामुळे गळती सुरू झाल्यावर दीड वर्षाने खालच्या मजल्यावरील काकूंच्या छतावर, दिव्याच्या बाजूला, चहाच्या रंगाचा डाग उमटला आणि रंगाचे पोपडे सुटू लागले.

दुसऱ्या वेळी आम्ही डॉ. फिक्सिट फास्टफ्लेक्स हा पिडिलाइटचा लेप निवडला. यात पॉलिमरचे द्रावण आणि सिमेंटयुक्त पावडर असे दोन घटक असतात व ते कामाच्या वेळी एकत्र मिसळावे लागतात. वाळल्यावर हा लेप थोडा लवचिक राहतो, म्हणून गिलाव्याला बारीक तडे गेले तरी तो लगेच फाटत नाही, हे आमच्या निवडीचे मुख्य कारण होते. मिश्रण मात्र हाताने काठी फिरवून करू नये. आमच्या मिस्त्रींनी पहिला डबा तसाच ढवळला आणि त्यात पावडरीच्या गुठळ्या राहिल्या. दुसऱ्या डब्याला ड्रिलवर मिक्सर लावला, तेव्हा लेप दह्यासारखा एकजीव झाला.

कामाचा क्रम या वेळी पूर्णपणे उलटा ठेवला. सर्वप्रथम ट्रे बसवला, तोही संपूर्ण तळाखाली मसाल्याचा सलग थर देऊन आणि दोन्ही दिशांनी लेव्हल तपासून, आणि सांडपाण्याचा (वेस्टचा) पाइप जोडून ट्रेमध्ये पाणी तुंबवून रात्रभर ठेवले. आमच्या ट्रेला भिंतीकडच्या बाजूंना सुमारे इंचभर उभा काठ आहे. खरेदी करतानाच असा काठ असलेला ट्रे मागावा, कारण टाइल त्या काठावरून खाली आली म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी आपोआप ट्रेमध्येच पडते आणि सर्व भिस्त सिलिकॉनवर राहत नाही.

या काठापाशीच एक अडचण आली, आणि ती कशी सुटली याचे मला विशेष कौतुक वाटते. अ‍ॅक्रिलिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर सिमेंटचा लेप धरत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून मिस्त्रींनी काठ आणि गिलावा यांच्या सांध्यावर ब्युटिल रबराची चिकटपट्टी दाबून बसवली, जिच्या बाहेरच्या अंगाला कापडी अस्तर असते, आणि लेप त्या अस्तरावर चढवला. भिंतींच्या उभ्या कोपऱ्यांत आधी मसाल्याचा वाटा मारून, म्हणजे कोपऱ्याला गोलाई देऊन, धार मोडली, लेपाचा पहिला हात ओला असतानाच त्यावर फायबरची जाळी ठेवली आणि चार इंची ब्रशने मधून कडेकडे दाबत नेली, इतकी की जाळीची वीण लेपातून जेमतेम दिसावी. डायव्हर्टर (नळ आणि शॉवर यांत पाणी वळवणारी खुंटी) आणि शॉवरचे पाइप जिथे भिंतीतून बाहेर येतात, तिथेही जाळीचे गोल तुकडे कापून तसेच बसवले. मी टाइल्सच्या दर्जाबद्दल विचारत होते, तेव्हा ते म्हणाले, “ताई, टाइल कितीही भारी आणा, सांध्यातून पाणी मागे जाणारच. अडवायचं ते या लेपानं.” ते बरोबर आहे. टाइल्समधल्या सांध्यांत भरलेला सिमेंटचा ग्राउट पाणी शोषतो, आणि शॉवरखाली तो रोजच भिजतो.

लेप शॉवरच्या भिंतींवर सात फुटांपर्यंत आणि उरलेल्या भिंतींवर फूटभर लावला. पहिला हात आडवा आणि दुसरा उभा दिला, म्हणजे ब्रशच्या रेषांत सुटलेली जागा झाकली जाते. गिलावा आधी पाण्याने ओलसर करून घेतला होता, कारण कोरडी भिंत लेपातील पाणी ओढून घेते आणि लेप कच्चा राहतो.

या कामाबद्दल माझी एक तक्रार आहे. मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलांनी पहिला हात ओला असतानाच त्याच दिवशी दुसरा हात मारण्याची तयारी केली होती, कारण त्यांना दुसऱ्या साइटवर जायचे होते. मी घरी होते आणि बोटाला लेप लागतो हे दाखवले, म्हणून ते थांबले. नसते तर ही चूक टाइल्सच्या मागे कायमची झाकली गेली असती. ज्यांना कामाच्या वेळी घरी थांबणे शक्य नाही, त्यांनी प्रत्येक हाताचे छायाचित्र मागवावे आणि ते पाहिल्याशिवाय पुढच्या टप्प्याचे पैसे देऊ नयेत.

टाइल्ससाठी सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ कालवलेले सिमेंट, न वापरता टाइल चिकटवण्याचे पॉलिमरयुक्त अ‍ॅडेसिव्ह वापरले. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे स्लरी तिला धरत नाही, आणि लेपाच्या गुळगुळीत भिंतीवर तर मुळीच नाही. अ‍ॅडेसिव्हच्या गोणीवर आय. एस. १५४७७ हे भारतीय मानक आणि त्यातील प्रकार छापलेला असतो, तो वाचून घ्यावा. खाचांच्या करणीने अ‍ॅडेसिव्ह पसरल्यावर एक टाइल उचलून पाहिली, तेव्हा तिची पाठ पूर्ण भरलेली होती. सांध्यांत एपॉक्सी ग्राउट भरला; तो महाग आहे आणि भरताना लगेच पुसला नाही तर टाइलवर धुरकट थर राहतो, जो आमच्या दोन टाइल्सवर अजूनही दिसतो. टाइलची खालची कड ट्रेपासून तीन मिलिमीटर वर ठेवली आणि ती फट पूर्ण कोरडी झाल्यावर बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉनने भरली.

एकूण खर्चात लेप, जाळी आणि चिकटपट्टी यांचा हिस्सा टाइल्सच्या तुलनेत फारच थोडा होता. लेपाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, कारण डब्यावरच्या सूचनांमध्ये अ‍ॅक्रिलिक ट्रेच्या सांध्याविषयी काहीही मार्गदर्शन मिळाले नाही. मिस्त्रींना चार; घाई झाली नसती तर पाच दिले असते. काकूंच्या छताला आम्ही दिवाळीपर्यंत हात लावला नाही, कोबा सुकू दिला, आणि नंतर आमच्या खर्चाने लोणा (ओलीमुळे फुटलेला क्षारांचा थर) खरवडून नवा रंग लावून दिला. परवा त्यांच्याकडे गेले असताना दिव्याच्या बाजूला हात फिरवून पाहिला. छत कोरडे आहे.