बायसन: वेगळी प्रजाती की गाईचाच भाऊबंद?

सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये अमेरिकी बायसनला ‘बॉस बायसन’ म्हटलं, म्हणजे थेट गाईच्या ‘बॉस’ या प्रजातीत (genus, जवळच्या जातींचा गट) बसवलं. 1827 मध्ये इंग्रज निसर्गअभ्यासक हॅमिल्टन स्मिथने ‘बायसन’ ही प्रजाती वेगळी काढली. वाद अजून मिटलेला नाही.

वेगळी चूल मांडणाऱ्यांचा आधार शरीररचनेचा: खांद्यावरचा उंच उंचवटा, दाट आयाळ, गाईच्या 13 बरगड्यांच्या जोड्यांऐवजी 14. दिसायला पटतं.

पण दुसरी बाजू मला भक्कम वाटते. दोघांची गुणसूत्रं 60. संकरही होतो, पहिल्या पिढीतले नर बहुधा वांझ निघतात, माद्या मात्र वितात. (म्हैस-गाईचा असा संकर होत नाही.) खरी अडचण याकची आहे. केंद्रकातल्या डीएनएनुसार बायसनचा सर्वांत जवळचा नातलग याक, आणि याक तर ‘बॉस’मध्येच. मग याकला आत ठेवून बायसनला बाहेर कसं काढणार? म्हणूनच अनेक सस्तनशास्त्रज्ञ आता पुन्हा ‘बॉस बायसन’ लिहितात.

आणि आपल्या राधानगरी-दाजीपूरचा गवा? त्याला ‘इंडियन बायसन’ म्हणतात खरं, पण तो ‘बॉस गॉरस’. बायसनपेक्षा त्याची सोयरीक बँटेंगशी, म्हणजे आग्नेय आशियातल्या रानबैलाशी, जवळची.